निम्मी जुडी

आमच्याकडे शेतात उभं असतं तोवर ते भात. कापणीच्या वेळी पहिल्या लोंब्यांची जुडी बांधून घरात आणली की ती कणसरी. कणसरी म्हणजे धान्याची देवी. तिला देव्हाऱ्यात बसवत नाहीत. कणगीच्या वर वाशाला टांगतात आणि रोज सकाळी हळदकुंकू लावतात. मी पोशेऱ्याला सून म्हणून आले तेव्हा सासूबाईंनी, धोंडीबाईंनी, मला सगळ्यांत आधी हे शिकवलं. अंघोळ झाली की कणसरी, मग तुळस, मग चूल. पुढे माझ्या यजमानांना, देवराम मास्तरांना, जव्हारच्या शाळेत नोकरी लागली. आम्ही तिथं खोली केली, तरी माझा नेम सुटला नाही. खोलीतही एक लहान जुडी असायचीच. सोमवार, चतुर्थी, एकादशी हे उपास मी करते, पण एखादा चुकला तर देव समजून घेतो असं मानते. कणसरीचं तसं नाही. तिचं रोज खातो, म्हणून तिचा नेम रोजचा.

दिवाळीच्या पुढे-मागे घरात नवं खातात. त्या दिवशी जुडीतलं थोडं भात कांडायचं, शिजवायचं, देवीला दाखवायचं आणि घरातल्या सगळ्यांनी एकेक घास घ्यायचा. रीत अशी, की सगळ्यांचा घास एकाच जुडीतला पाहिजे, आणि घरात सर्वांत मोठं माणूस असेल त्यानं शेवटी खायचं. बाकीच्यांच्या तोंडात गेल्यावर जे जुडीत उरेल ते त्याचं. कुणी वीटभट्टीवर, कुणी मुंबईला गेलेलं असलं तर त्याच्यासाठी जुडी तशीच टांगून ठेवायची. तो आला की खातो, मग मोठं माणूस खातं. पेरणीच्या आत हे सगळं उरकलं पाहिजे, कारण पेरणी झाली की ते नवं राहत नाही. एरवी त्यात कुणाचं काही अडायचं नाही. पोटासाठी गेलेली माणसं होळीला तरी घरी येतातच.

अडलं ते आमच्या गोकुळमुळे. तो आमचा एकुलता एक. नाशिकला स्वयंपाकाचा कोर्स करून तो प्रवाशांच्या मोठ्या बोटीवर कामाला लागला. ती बोट अमेरिकेकडच्या बेटांना फेऱ्या मारते, लोक हौसेनं त्यात आठवडा-आठवडा राहतात. त्याला सुटी मिळायची ती भर पावसात. तो यायचा तेव्हा आवणी, म्हणजे भाताची लावणी, चाललेली असायची, आणि लोंब्या भरायच्या आत तो परत जायचा. म्हणजे नव्याला तो कधी घरी नाहीच. आणि तो खात नाही तोवर सासूबाई खाणार नाहीत. त्या नागलीची भाकरी खायच्या, जुना तांदूळ खायच्या, पण त्या सालच्या भाताला हात लावायच्या नाहीत. पेरणी आली की जुडी सोडून बियाण्यात मिसळायच्या.

यांनी एकदा आईची समजूत घालून पाहिली. म्हणाले, गोकुळचा फोन आला की त्याला सांगतो, तिकडं जो मिळेल तो भात देवाचं नाव घेऊन खा म्हणून, मग तू इकडं खा.

"फोनातून जुडी जाते का?" सासूबाईंनी विचारलं.

हे निवृत्त झाले त्या साली गोकुळनं कळवलं की कंपनी कामगारांच्या आईवडलांना बोटीवर येऊ देते, तुम्ही माघात या. हे हरखून गेले. शाळेत भूगोल शिकवला, समुद्र मात्र डहाणूच्या पुढचा पाहिलेला नव्हता. मला जायचं नव्हतं. सासूबाई थकल्या होत्या, त्यांना दिसायला कमी झालं होतं, आणि परक्या ठिकाणी माझं सोवळं-ओवळं, नेम कसे होणार ही काळजी होती. पण सासूबाईच म्हणाल्या जा म्हणून. शेजारची सुकरी माझ्याजवळ राहील, म्हणाल्या. मग त्यांनी मला कणगीजवळ बोलावलं, वाशावरची जुडी स्वतः चाचपून काढली आणि माझ्या ओटीत ठेवली.

"त्याच्यासमोर सोड. त्यानं घास घेतला का उरली ती माझी. परत आण."

एवढंच सांगितलं. यंदाची राहिली तर पुढच्या साली मी असेन की नाही, असं काही त्या बोलल्या नाहीत. पण मला ते ऐकू आल्यासारखं झालं. मी जुडी लाल कापडात गुंडाळली, बांबूच्या करंडीत ठेवली आणि करंडी माझ्या हातातल्या पिशवीत. जाताना वाटेत न्यूयॉर्कला मोठी रांग होती. हे पुढे होऊन काय उत्तरं द्यायची ती देत होते. सामान कुणी उघडलं नाही.

बोटीचं वर्णन मी फारसं करत नाही, ते हे करतात, अजून जव्हारच्या बाजारात कुणी भेटलं की करतात. मला एक लहान खोली आठवते, गोल खिडकीची. पहिल्याच सकाळी मी उदबत्ती काढली तर गोकुळ धावत आला. म्हणाला, आई, इथं धूर झाला की छतातून भोंगा वाजतो आणि साऱ्या बोटीची माणसं गळ्यात तरंगायचे पट्टे घालून बाहेर उभी राहतात. मी उदबत्ती ठेवून दिली. कणसरीला नुसतं हळदकुंकू लावत राहिले. खोली झाडायला येणारा माणूस कुठल्या तरी बेटावरचा होता. त्याला मी खुणेनं सांगितलं की या करंडीला हात लावू नको. त्यानं छातीवर हात ठेवून मान लववली आणि शेवटपर्यंत लावला नाही.

गोकुळला दिवसभर काम. सकाळची न्याहारी आवरली की दुपारच्या जेवणाची तयारी, ती झाली की रात्रीची. हजारो माणसांचं रांधायचं असतं त्यांना. एका दुपारी त्याला थोडी उसंत मिळाली. त्यानं मसाला कुटायचा दगडी खल आणला. मी त्याच्यासमोर जुडी सोडली, अर्ध्या लोंब्या झोडून खलात घेतल्या, कांडल्या, पाखडल्या. ताटात पाखडताना तुसं गालिच्यावर पडली, ती मी वेचून कागदात बांधली. तांदूळ घेऊन तो त्याच्या मुदपाकखान्यात गेला आणि झाकणाच्या वाडग्यात भात घेऊन आला. कणसरीला दाखवला आणि त्यानं घास घेतला. पांढरा कोट, पांढरी टोपी, तसाच उभा होता. डोळे मिटून चावला.

"आजीला सांग, खाल्लं," म्हणाला, आणि टोपी सारखी करून गेला.

उरलेली निम्मी जुडी मी पुन्हा लाल कापडात बांधली.

उतरायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी गोकुळ सामान बांधायला आला. त्यानं समजावून सांगितलं की बोट लागते ते सान हुआन हे बेटावरचं गाव आहे, तिथून तुमचं विमान न्यूयॉर्कला जाईल आणि तिथून मुंबईला. पण विमानतळावर आत जायच्या आधी शेतकी खात्याची तपासणी असते. बेटावरची कीड, रोगराई मोठ्या मुलखात जाऊ नये म्हणून ते लोक सगळं सामान मशीनमधून बघतात. आणि तो दिवस तर त्यांच्या कामाचाच, कारण जुने प्रवासी उतरून दोन तासांत नवे चढतात, त्यामुळे त्याला आमच्याबरोबर विमानतळावर येता येणार नव्हतं.

"फळ, फूल, झाडपाला, बिया, असलं काही आहे का आई?"

मी सगळं सामान पलंगावर उपसलं. हळदीची खांडं, सुपाऱ्या, तुळशीची वाळकी पानं, प्रवासात लागलंच तर म्हणून आणलेला नारळ, आल्याचा तुकडा, न्याहारीच्या वेळी कुणी दिलेलं सफरचंद. प्रत्येक वस्तू उचलून मी त्याला विचारलं. डब्यातली मोहरीसुद्धा दाखवली. त्यानं बरंच काढून घेतलं. खिचडीसाठी आणलेल्या तांदळाची पिशवी राहू दे म्हणाला, तूस काढून सडलेला तांदूळ चालतो. करंडी तिथंच पलंगावर होती. ती मी उचलून दाखवली नाही. लपवली असंही नाही. देव दाखवायचा असतो का, एवढंच मला वाटलं, आणि तेही नंतर; त्या वेळी ते मनातच आलं नाही.

"अजून काही?" त्यानं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.

सकाळी बोटीच्या पुलाशी तो आमच्या पाया पडला आणि पळत आत गेला. आम्ही टॅक्सी करून विमानतळावर आलो. दाराजवळच ती तपासणी होती. लांब मशीन, पलीकडे स्टीलचं टेबल, आणि टेबलामागे खाकीसारख्या पोशाखातली एक बाई. माझ्याच वयाची असेल, केस पिकलेले, चष्मा दोरीला बांधून गळ्यात सोडलेला. तिनं इंग्रजीत विचारलं. मला त्यातलं फक्त शेवटचं कळलं, कारण ते आदल्या दिवशी गोकुळनं सांगितलं होतं. फळं, झाडं, बिया. यांनी शाळा तपासायला साहेब आल्यावर ज्या आवाजात उत्तर द्यायचे त्या आवाजात नाही म्हणून सांगितलं.

मोठ्या बॅगा गेल्या. त्यांना चिकटपट्ट्या लागल्या. माझ्या हातातली पिशवी मशीनमध्ये गेली आणि थांबली. मागे आली, पुन्हा आत गेली. मशीनवरच्या माणसानं त्या बाईला काही तरी सांगितलं. तिनं हातमोजे चढवले आणि पिशवी टेबलावर घेतली. आधी तांदळाची पिशवी काढली, बोटानं दाबून पाहिली, बाजूला ठेवली. मग करंडी. मग लाल कापड. मी पुढे होऊन ते स्वतः सोडलं, कारण पारोशा हातानं सोडायचं नसतं.

यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "अगं, हे काय?"

"कणसरी."

"अगं, पण हे भात आहे."

"भात कसं असेल? जुडी बांधलीय."

"काल गोकुळनं विचारलं तेव्हा तू नाही म्हणालीस. मी आत्ता या बाईंना नाही म्हणून सांगितलं."

"त्यानं बिया विचारल्या. देव कुठं विचारला?"

जन्मभर चौथीच्या पोरांना फळ्यावर भाताचं रोप काढून दाखवलेला माणूस, त्याच्या घरातल्या करंडीत भात आहे हे त्यालाही त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. रोज तोही तिला हात जोडत होता. मग त्यांनी त्या बाईला इंग्रजीत सांगितलं की हा आमचा देव आहे. तिनं एकदा जुडीकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे. हसली नाही. टेबलाखालून एक जाड प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्या पलीकडे झाकणाचं पिंप होतं. झाकण अर्धवट उघडं होतं आणि आत संत्री, आंबे, कुणाच्या तरी गळ्यातला जास्वंदीसारख्या फुलांचा हार पडलेला मला दिसला.

सासूबाई कणगीजवळ उभ्या राहून वाशाकडे हात करताहेत असं डोळ्यांपुढे आलं. मी करंडीवर हात ठेवला. ओढली नाही, नुसता ठेवला.

"हात काढ," हे हळूच म्हणाले. "परका देश आहे."

"काढते. आधी त्यांना विचारा, तांदळाची पिशवी चालली, मग ही का नाही?"

यांना विचारायचं नव्हतं. तुझ्यापायी मला इथं आत टाकतील, असं काहीसं पुटपुटले. पण विचारलं. ती बाई सावकाश बोलत होती, यांना कळावं म्हणून थांबत थांबत. मग यांनी वर्गात समजावतात तसं मला समजावलं. तुसासकट असलेला दाणा रुजतो. तुसात किडे असतात, रोग असतो. कांडून सडलेल्या तांदळाला त्यांची हरकत नाही.

मला ते पटलं. आमच्याकडेसुद्धा दुसऱ्या गावचं बियाणं आणलं तर ते आधी उन्हात टाकतात, पाखडतात, मगच कणगीजवळ नेतात. ती बाई तिच्या कणगीची राखण करत होती. तिचं भांडण देवीशी नव्हतं.

"मग मी सोलून देते म्हणावं."

"इथं?"

"इथंच."

कांडायचं, सडायचं, याला इंग्रजीत काय म्हणतात ते यांना ऐनवेळी आठवेना. मी दोन्ही मुठी एकावर एक धरून वर नेल्या आणि खाली आणल्या. बाईला लगेच समजलं. तिनंही तशाच मुठी करून दाखवल्या आणि पहिल्यांदाच थोडी हसली. तिच्याकडेही कुणी तरी मुसळ उचललेलं असणार. ती तिच्या वरच्या साहेबाकडे गेली, दोघं बराच वेळ बोलले, साहेबानं मनगटावरचं घड्याळ दाखवलं. परत येऊन तिनं टेबलाचं टोक मोकळं करून दिलं आणि यांना सांगितलं: विमानाची सामान घ्यायची खिडकी बंद व्हायच्या आत जेवढं होईल तेवढं करा, तूस आणि काड्या इथंच टाका, जमिनीवर एक कण पडता कामा नये, आणि मी बघितल्याशिवाय काही उचलायचं नाही.

घरी नव्याचं पहिलं कांडण पूर्वेकडे तोंड करून करतात. मी यांना पूर्व विचारली.

"मला आता दिशा विचारू नको," हे म्हणाले. "विमान कुठल्या बाजूला उभं आहे तेच मला कळलेलं नाही."

मी मनातल्या मनात कणसरीची क्षमा मागितली, तिला हळदकुंकू लावलं आणि लोंब्या ओरबाडल्या. उखळ नाही, मुसळ नाही. यांनी सुचवलं की शेतात पोरं चपलेखाली घासून सोलतात, तसं पटकन होईल. मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्यांनी बूट मागे घेतले. मग मी डब्याचं झाकण आणि स्टीलची वाटी यांच्यामध्ये दाणे घासून पाहिले. तूस निघत होतं पण दाणा मोडत होता. कण्या सासूबाईंपुढे कशा ठेवू? शेवटी नखानं सोलायला लागले, एकेक दाणा. वाळलेल्या भाताचं तूस नखाला बोचतं, हे ज्यानं केलंय त्यालाच माहीत. मी एक सोलेपर्यंत हे अर्धा सोलत होते, आणि तोही मोडत होता. मास्तरांची बोटं, खडू धरलेली.

कणसरी सोलताना बोलायचं नसतं, म्हणून मी गप्प. ते यांना ठाऊक, त्यामुळे यांनी मनातलं सगळं बोलून घेतलं. तुझा नेम, आईचा नेम, आणि दुसऱ्याच्या देशात खोटा ठरणार मी. पोरगं एवढं सांगत होतं. जव्हारमध्ये कळलं तर लोक म्हणतील, मास्तर अमेरिकेत जाऊन भात सोलत बसले. बोटीवर साहेबलोक हात मिळवत होते, आणि इथं ही गत. मी मान खाली घालून सोलत होते. येणारे-जाणारे आपल्या बॅगा मशीनमध्ये टाकत आमच्याकडे बघत जात होते. ती बाई मधेमधे येऊन वाटीत बोट फिरवायची. एखादा दाणा अर्धवट राहिला असला की तो उचलून न बोलता माझ्यापुढे ठेवायची, आणि मी तो पुन्हा घ्यायचे. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात सासूबाई सुपातून असेच दाणे वेचून माझ्यापुढे टाकायच्या.

हे बोलून बोलून थकले. थोड्या वेळानं त्यांचा आवाज बदलला.

"आईनं इतकी सालं नवं खाल्लं नाही," ते म्हणाले. "मी आपला दरसाल पुढं बसून खात होतो."

मग हे चष्मा पुसून वाकून बसले आणि मोडू न देता सोलायला लागले. त्यांना जमायला लागलं.

सगळं झालं नाही. साहेब दुरून घड्याळावर बोट आपटू लागला, तेव्हा वाटीत लहान मूठभर तांदूळ होता आणि थोड्या लोंब्या अजून तशाच होत्या. मी त्या बाईकडे पाहिलं. तिनं नाही म्हणून मान हलवली, पण वाईट वाटल्यासारखी. मी यांना विचारायला सांगितलं की राहिलेल्याचं काय करतात. जाळतात, असं तिनं सांगितलं. पिंपातलं सगळं दिवस संपल्यावर भट्टीत जातं. कचऱ्यात जाणार नाही, पायाखाली येणार नाही, एवढं मी मनाशी धरलं. राहिलेल्या लोंब्या, काड्या, तूस, सगळं मी माझ्या हातानं गोळा करून त्या जाड पिशवीत ठेवलं आणि वर चिमूटभर कुंकू टाकलं. पिशवीचं तोंड तिनं बंद केलं. तांदूळ तिनं पुन्हा एकदा उजेडात धरून पाहिला, एका लहान पिशवीत ओतला, त्यावर चिकटपट्टी लावली आणि दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला. मी दोन्ही हातांनी घेतला. मग आम्ही पळालो.

मुंबईहून आम्ही जव्हारला थांबलोच नाही. एसटीनं मोखाडा, तिथून जीपनं पोशेरा. वाटभर मी एकच विचार करत होते. त्यांनी जुडी मागितली होती. माझ्याजवळ जुडी नव्हती. लोंबी नाही, काडी नाही, पिशवीच्या तळाशी तांदूळ. हे दुकानातले तांदूळ नाहीत हे डोळ्यांनी कुणाला कळणार? आणि त्यांनी नाही म्हटलं तर आणखी एक पेरणी अशीच जाणार होती.

सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या, जवळ सुकरी होती. आम्ही पाया पडलो. मी पाय धुतले, सूप आणलं आणि त्यात तो तांदूळ ओतून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी हात फिरवला.

"हे काय? जुडी कुठं हाय?"

मी सगळं सांगितलं. बोट, गोकुळचा घास, ती बाई, पिंप, टेबलाचं टोक, राहिलेल्या लोंब्या. काही वगळलं नाही. सुकरी तोंडाला पदर लावून ऐकत होती. सासूबाईंचा हात सुपातच होता. तांदूळ बोटांतून सोडत होत्या, पुन्हा घेत होत्या.

"बिनउखळाचं केलंस?"

"हो."

"तोंड कुठं होतं?"

"कळलं नाही. उजेड दिव्यांचाच होता."

यांना राहवलं नाही. म्हणाले, आई, तो त्यांचा सरकारी कायदा आहे, हिचा काही दोष नाही.

"तू गप रं. मास्तर झाला म्हंजे समद्यात बोलायचं का?" मग माझ्याकडे वळून, "गोकळ्यानं खाल्लं?"

"खाल्लं. माझ्यासमोर."

"बसून का उभ्यानं?"

बसून, असं मी म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. पण त्या सुपासमोर बसून मला खोटं बोलता येईना. "उभ्यानं," मी म्हटलं. "कामाची वेळ होती. टोपी पण काढली नव्हती."

त्यांनी सुपातला एक दाणा दातांत धरला. दात समोरचे दोनच उरलेत. तो मोडला आणि त्याचा वास घेतला. मग सुकरीला म्हणाल्या, चूल पेटव.

मी लहान मडक्यात तांदूळ शिजवला. वास यायला लागला तेव्हा मला घरचा वास वाटला, पण तो मला वाटून काय उपयोग? सासूबाईंनी हात-पाय धुतले, पदर डोक्यावर घेतला आणि उगवतीकडे तोंड करून बसल्या. मी ताटलीत वाढलं. त्यांनी पहिला घास कणगीकडे दाखवला, मग तोंडात घातला. फार वेळ चघळत होत्या. आम्ही तिघंही त्यांच्या जबड्याकडे बघत होतो.

"नवं कुठं राहिलं हे," त्या म्हणाल्या. "फिरून फिरून जुनं झालं."

मला वाटलं, आता ताटली सारतील. त्यांनी दुसरा घास घेतला. मग तिसरा. सगळं खाल्लं, बोटानं ताटली निपटली, बोट चाटलं. सुकरी पाणी घेऊन आली. हात धुता धुता त्या माझ्याकडे न बघता बोलल्या.

"पुढल्या साली भात फिरवू नको, हिरा. त्यालाच आण."

मी हो म्हटलं. त्याला कसं आणायचं ते मला माहीत नव्हतं, तरी म्हटलं. हे ओट्यावरून उठले, चप्पल घातली आणि मोखाड्याला फोन करून येतो म्हणाले. बोटीवर आपल्याकडून फोन लागत नाही, त्याचाच यावा लागतो, हे त्यांना चांगलं माहीत होतं. ते गेले, आणि मी ताटली घासायला घेतली.